आमटी कोण करायचं

हॉटेल पाडायचं ठरलं तेव्हा त्याची मापं घ्यायला पुण्याहून एक मुलगी आली. इमारती कशा बांधतात ते शिकणारी. हातात टेप, गळ्यात कॅमेरा, पाठीवर एवढी मोठी सॅक की मागून बघितलं तर सॅकच चालत आलीय असं वाटावं. धाकट्या मालकांनी तिला बोलावलं होतं. धाकटे मालक म्हणजे मूळ मालकांचे नातू. त्यांनी जागा बिल्डरला दिली, पण आजोबांचं नाव राहावं म्हणून एक पुस्तक काढायचं त्यांच्या मनात आलं. जुने फोटो घालायचे, खोल्यांचे नकाशे घालायचे, जुन्या माणसांच्या आठवणी घालायच्या. जुनी माणसं म्हणजे मी एकटाच उरलेलो. बाकीचे काही मेले, काही गावाकडं गेले. एक जण जिवंत आहे, पण तो आता स्वतःच्या लेकाला ओळखत नाही.

माझी बायको जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मी खोलीत बसून असायचो. कोणाशी बोलायचो नाही, कोणी बोललेलं आवडायचं नाही. धाकट्या मालकांचा फोन आला, "वस्ताद, तुमच्याशिवाय कोण सांगणार?" मी गेलो. सांगायची हौस होती म्हणून नाही. घर खायला उठायचं म्हणून गेलो.

हॉटेल म्हणजे काही राजवाडा नव्हता. नगरला जुन्या एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन मजली लॉजिंग-बोर्डिंग. वर अकरा खोल्या, खाली जेवणाची खोली, तिच्या मागं भटारखाना, आणि भटारखान्याच्या मागं मोरी. कोर्टाच्या तारखेला आलेले, मार्केटला माल घेऊन आलेले, जिल्हा परिषदेत कागद हलवायला आलेले, सगळे तिथं उतरायचे. खोल्यांत ढेकूण होते. हे मी त्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती हसली, म्हणाली, "आजोबा, हे पुस्तकात घालता येणार नाही." मी म्हणालो, "घालू नको. पण होते."

ती सगळं मोजायची. भिंत किती जाड, जिन्याची पायरी किती उंच, फरशी कोणत्या खाणीतली. मी टेपचं एक टोक धरून उभा राहायचो. चाळीसेक वर्षं त्या इमारतीत काढली, पण जेवणाच्या खोलीची उत्तरेची भिंत दोन फूट जाड आहे हे मला तिनं सांगितलं. भटारखान्यात आली तेव्हा तिला फारच आनंद झाला. काळ्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "किती सुंदर रंग चढलाय! असा रंग मुद्दाम देता येत नाही."

"ती काजळी आहे, पोरी," मी म्हणालो. "हात धू."

खिडकी कुठं होती असं तिनं विचारलं. खिडकी नव्हती. वर कौलाला लागून एक भोक होतं, वीतभर. धुराला वाटलं तर तो त्यातून जायचा, नाहीतर आत राहायचा. तिनं भोकाचंही माप घेतलं.

मग तिनं कॅमेरा तीन पायांवर उभा केला, मला भट्टीशेजारी स्टुलावर बसवलं आणि विचारायला लागली. मालक कसे होते, गर्दी कधी असायची, काय काय शिजायचं. मी सांगत होतो. मग ती म्हणाली, "इथली येसूर आमटी अख्ख्या जिल्ह्यात माहीत होती म्हणे. ती आमटी कोण करायचं?"

"मी," मी म्हणालो.

तोंडातून चुकून निघून गेलं असं म्हणणार नाही. एकतीस वर्षं या प्रश्नाला हेच उत्तर होतं. नाव विचारलं की नाव सांगतो तसं ते आलं. कॅमेऱ्यात गेलं. तिनं वहीतही लिहिलं.

आता खरं काय ते सांगतो.

आम्ही मिरजगावच्या बाजूचे. कोरडवाहू रान, चार भाऊ, त्यात माझ्या वाट्याला उभं राहायलाही जागा नव्हती. लग्न झालं आणि सहा महिन्यांत बायकोला घेऊन नगरला आलो. मला हॉटेलात टेबलं पुसायचं, पाणी द्यायचं काम लागलं, तिला मागं मोरीत भांडी घासायचं. काही वर्षांनी मला भटारखान्यात घेतलं. कांदा चिर, पीठ मळ, असली वरची कामं. मुख्य स्वयंपाक्याला हॉटेलात वस्ताद म्हणतात. आमचा जुना वस्ताद एक दिवस मालकांशी भांडला आणि फडकं टाकून निघून गेला. सोमवार होता, कोर्टाची गर्दी. मालकांनी पळी माझ्या हातात दिली. "तू बघतोस ना रोज? कर."

मी रोज बघत होतो, पण बघणं वेगळं. मी तिखटमिठाचं पाणी उकळलं आणि आमटी म्हणून वाढलं. गिऱ्हाईकं कोर्टाच्या घाईत होती, बोलली नाहीत, वाट्या तशाच सारून गेली. भांडी घासणाऱ्याला बाहेरचं काही दिसत नसतं, पण कोणत्या ताटात काय उरलं ते त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. ती मागच्या दारात उभी राहिली.

"आवो, वाट्या भरल्या परत आल्यात. काय केलंय तुमी?"

"आमटी."

"ही? ह्याला आमटी म्हनत असत्याल तर मी रोज मोरीत आमटीच ओतते."

तिनं हात धुतले, पदर खोचला आणि आत आली. मागचं दार लावून घेतलं. त्याआधी घरी जाऊन येसूर आणला होता. येसूर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून, त्यात धणे, मिरी, लवंग घालून दळलेलं पीठ. आमच्याकडं घरोघरी असतो, पण प्रत्येक घरचा वेगळा. तिच्या आईकडचा तिचा. दुपारच्या पंगतीला वाट्या चाटून परत आल्या. घासायला काही उरलंच नव्हतं, असं ती म्हणाली.

अडचण एकच होती. मालकांची आई. तिला सगळे बाई म्हणायचे. वरच्या मजल्यावर राहायची. तिचा नियम होता, बोर्डिंगच्या चुलीला बाईमाणसाचा हात लागता कामा नये. उपास-तापास करणारे व्यापारी इथं जेवतात, कोणत्या बाईचे कधी चार दिवस, कोण बघायला जातं? बाप्यांच्या हातचं खाल्लं की प्रश्न नाही. पाटीवर 'सोवळ्यातील जेवण' असं रंगवलेलं होतं ते याच्याच जोरावर.

मालकांना कळलं दोन दिवसांत. ते भले माणूस होते, पण आईसमोर उभे राहणारे नव्हते. त्यांनी एक युक्ती काढली. युक्ती काढली म्हणजे तसं कोणी बोललं नाही, आपोआप पडत गेली. भटारखान्यात यायचं झालं की मालक दाराबाहेर उभं राहून दोनदा मोठ्यानं खोकायचे. ती पळी माझ्या हातात द्यायची आणि मागच्या दारानं मोरीवर जाऊन बसायची. मालक आत यायचे, झाकण उघडून वास घ्यायचे, "वस्ताद, छान," म्हणायचे आणि जायचे. ते गेले की ती परत आत. दिवसातून चार-पाच वेळा असं व्हायचं. वेटर, पाणक्या, गल्ल्यावरचा मुनीम, सगळे दाराशी येऊन खोकायला शिकले. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक नाही असं सगळे वागायचे. पुढं बाई वारल्या. मला वाटलं आता हे थांबेल. थांबलं नाही. मालक गेले, त्यांचे चिरंजीव आले, तेही खोकायचे. त्यांना कोणी शिकवलं देव जाणे.

ते चार दिवसही ती यायची. न येऊन कसं चालेल? आमटी मला कुठं येत होती? सोवळ्यातले व्यापारी त्या चार दिवसांतही बोटं चाटून जेवायचे. कोणाचा माल पडला नाही, कोणाची तारीख हुकली नाही.

जेवण झालं की एखादा म्हणायचा, वस्तादाला बोलवा. मी फडक्याला हात पुसत बाहेर जायचो. हात कोरडेच असायचे, तरी पुसायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "हाताला चव आहे तुमच्या." मी हात जोडायचो. घरी जाताना ती विचारायची, "आज कितींदा हात जोडलं? दुखत असत्याल तर त्याल लावून देते."

ती हसून म्हणायची, मीही हसायचो. तिला त्याचं वाईट वाटत असेल असं मला कधी वाटलं नाही. वाटायला मी विचारलं कुठं होतं?

पुढं चहाच्या टेबलापाशी गॅस आला, पण आमटी लाकडावरच राहिली. गिऱ्हाईकाला धुराचा वास लागायचा. एकतीस वर्षं असं चाललं. मग करोनात भटारखाना बंद पडला तो पुन्हा पेटला नाही.

तर त्या मुलीनं वहीत लिहिलं, आमटी मी करायचो. दोन दिवसांनी ती म्हणाली, "आजोबा, पाडकाम सुरू व्हायच्या आधी एकदा त्याच भट्टीवर आमटी करून दाखवाल? मी शूट करते. धाकटे मालक जुन्या गिऱ्हाइकांना बोलावणार आहेत." धाकटे मालक शेजारीच होते. म्हणाले, "वस्ताद नाही म्हणणार नाहीत." मी नाही म्हणालो नाही.

माझी लेक कर्जतला दिलेली आहे. पंधरा दिवसांतून एकदा येते, कपडे धुते, डबे भरून ठेवते, मला शिव्या घालते. त्या आठवड्यात आली तेव्हा मी म्हणालो, "तुझ्या आईचा येसूर हाय का तुझ्याकडं थोडा?"

"हाय. कशाला?"

मी सांगितलं.

ती हातातला कपडा पिळायची थांबली. "आबा, तुमाला फोडनी तरी येती का?"

"बघितलंय की रोज."

"बघितलंय. लई बघितलंय तुमी." तिनं कपडा दोरीवर टाकला. "मी येसूर देते, मी सोता येते, आमटीबी मी करते. पन त्या पोरीसमोर, त्या मालकासमोर तुमी आईचं नाव घ्यायचं. घेताय?"

मी म्हणालो, "आता कशाला? एवढी वर्षं गेली. त्यांच्या घराण्याचं नाव—"

"मग बाजारातली पुडी आना आन घाला," ती म्हणाली. त्या दिवशी जेवली नाही. चारच्या गाडीनं गेली. कधी रात्र राहिल्याशिवाय जात नसे.

मी बाजारातली पुडी आणली.

रविवारी दहा वाजता भट्टी पेटवली. जेवणाच्या खोलीत पंधरा-वीस खुर्च्या मांडलेल्या. पाट्या, आरसे, घड्याळ, सगळं काढून नेलेलं, भिंतीवर त्यांच्या आकाराचे पांढरे डाग. धाकटे मालक नवा सदरा घालून. मार्केटमधले एक जुने आडत व्यापारी आले होते, ऐंशीच्या पुढचे, काठी धरून. ते हॉटेलचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. भाकऱ्या बाहेरून मागवल्या होत्या.

मी तेल टाकलं, लसूण टाकला, वाटण परतलं. इथवर जमलं. पाणी घातलं, उकळी आली. पुडी फोडली आणि येसूर त्या उकळत्या पाण्यात सोडला. सोडला आणि लगेच कळलं की काहीतरी चुकलं. पिठाचे गोळे झाले. लिंबाएवढे, सुपारीएवढे, वर यायचे आणि फिरायचे. मी पळीनं दाबायला लागलो. एक फोडला की आतून कोरडं पीठ.

मुलगी कॅमेऱ्यामागून म्हणाली, "आजोबा, हे असंच करतात का?"

"व्हय," मी म्हणालो. "असंच."

तेव्हाही खरं बोलायची वेळ होती. धूर डोळ्यांत होता, ती समोर होती, दुसरं कोणी नव्हतं. पण मी म्हणालो, असंच. गोळे दाबत राहिलो. एकतीस वर्षं त्या भट्टीपासून चार हातांवर उभा होतो, आणि पीठ आधी कशात कालवतात एवढं मला ठाऊक नव्हतं.

वाढलं. आडत व्यापाऱ्यांच्या वाटीत एक मोठी गुठळी आली. मला लांबून दिसत होती. त्यांनी ती भाकरीच्या तुकड्यानं दाबली, तोंडात घातली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा वस्ताद! तीच चव!"

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. धाकटे मालक मुलीला म्हणाले, "हे घ्या, हे घ्या." मुलीनं कॅमेरा माझ्याकडं वळवला. माझे हात छातीपाशी आले होते. जोडायलाच आले होते.

मला राग आला. पहिला राग माझा मला नाही आला, हेही सांगतो. त्यांचा आला. एवढी वर्षं जिचं खाल्लं तिची चव यांच्या जिभेला ठाऊक नव्हती. समोर काहीही ठेवलं असतं तरी ते वा म्हणाले असते. ती तिथं धुरात बसली ती यांच्यासाठी.

"ही ती चव न्हाई," मी म्हणालो.

"वस्तादांचा विनय बघा," धाकटे मालक म्हणाले.

"विनय नाही. गुठळ्या झाल्यात, दिसत न्हाईत का? मला आमटी येत न्हाई. कधीच येत नव्हती. आमटी माझी बायको करायची. मी वाढायचो."

धाकटे मालक उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "वस्तादांना मावशींची आठवण आली. साहजिक आहे. थोडं पाणी द्या त्यांना."

"पानी नको. आठवन आली म्हनून बोलत न्हाई. तुमचे आजोबा दारात खोकायचे. तुमचे वडील खोकायचे. तुमी ल्हान हुता, तुमीबी खोकून हसत पळायचा. कशाला खोकायचा, सांगा की सगळ्यांना."

त्यांचा हात खांद्यावरून निघाला.

आडत व्यापारी म्हणाले, "पण बोर्डिंगात तर बाईमाणूस चुलीपाशी—"

"महिन्याचे तीस दिवस, शेठ. बाजूला बसायच्या चार दिवसांतबी तीच. तुमच्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचं पारनं तिच्याच हातचं."

त्यांनी वाटी खाली ठेवली. काठी घेतली. "जेवताना असं बोलू नये," म्हणाले, आणि हात धुवायला उठले. बराच वेळ धूत होते. तीस वर्षं खाल्लं होतं, पण बाधलं त्या दिवशी.

लोक लवकर निघून गेले. मी भटारखान्यात येऊन बसलो. थोड्या वेळानं ती मुलगी आली, समोर जमिनीवर बसली. काजळीनं पँट खराब होईल म्हणालो, ती म्हणाली होऊ दे. तिनं वहीचं नवं पान काढलं. वर माझ्या बायकोचं नाव विचारून लिहिलं. तोवर मी ते नाव कधी मोठ्यानं घेतलेलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. त्या दिवशी घेतलं.

मग तिनं विचारलं, "आमटी कशी करायच्या त्या? सांगा."

येसूर किती? ठाऊक नाही. पाणी किती? ठाऊक नाही. मीठ आधी की नंतर? ठाऊक नाही. मला काय ठाऊक होतं, तर तिची पाठ. ती भट्टीकडं तोंड करून बसायची आणि मी दाराकडं तोंड करून, कोणी येतंय का बघत. मागं वळून बघितलं की पाठ दिसायची. हिरव्या-निळ्या चौकड्यांचं लुगडं, पुढं पुढं पाचवारी. घामानं ब्लाउज चिकटलेलं. बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. मुलीनं तेच लिहून घेतलं.

"आणि त्या कशानं गेल्या?" तिनं विचारलं.

हे मी लेकीलाही धड सांगितलेलं नव्हतं.

तिला दम लागायला लागला तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं छाती तपासली आणि मला विचारलं, "यांचं धुराचं काम होतं का? चूल, भट्टी असं काही?" मी म्हणालो, "न्हाई साहेब. घरी गॅस हाय. ही हॉटेलात भांडी घासायची." तिथं कोण होतं? मालक नव्हते, बाई मरून वर्षं झाली होती, हॉटेल बंद पडलं होतं. तरी मी तेच म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरकडं बघून मान हलवली. भांडी. व्हय.

पाच महिने दुसऱ्याच कशाचं औषध चाललं. दम वाढत गेला. मग मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या बाई डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाल्या, "ही धुराची छाती आहे. चुलीपाशी कितीतरी वर्षं काढलेली. आधीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?" मी खाली बघत होतो. ती बोलली. एकेक शब्दाला थांबत बोलली, "त्यांनी इचारलंच न्हाई."

मला वाचवायला बोलली ती. त्यानंतर तीन आठवडे जगली. आधी सांगितलं असतं तर वाचली असती का, ते मला कोणी सांगत नाही. मीही विचारलं नाही.

मुलगी लिहायची थांबली होती. कॅमेरा चालू होता. तिनं विचारलं, "आजोबा, हे ठेवू का?"

"ठेव," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात जेसीबी आला. मी बघायला गेलो नाही. त्या बाजूनं एकदा रिक्षा गेली तेव्हा नुसता पत्रा लावलेला दिसला, आणि पत्र्याच्या वर आभाळ.

चार महिन्यांनी पुस्तक आलं. जाड गुळगुळीत कागद. धाकट्या मालकांनी माणसाबरोबर पाठवलं, स्वतः आले नाहीत. भटारखान्याच्या पानावर माझा फोटो, हातात पळी, भट्टीचा जाळ तोंडावर. खाली लिहिलेलं, 'येसूर आमटीची परंपरा सांभाळणारे हॉटेलचे अखेरचे वस्ताद.' शेजारच्या पानावर भटारखान्याचा नकाशा, वरच्या भोकाच्या मापासकट. मी सगळी पानं बघितली. तिचं नाव कुठं नाही.

मुलीचा फोन आला. रडत होती. तिनं लिहून दिलं होतं, पण छापताना काढलं म्हणाली. धाकटे मालक म्हणाले, हॉटेलच्या इतिहासात घरगुती गोष्टी नकोत. "माझ्याकडं ते शूट आहे, आजोबा. मी जपून ठेवीन." मी म्हणालो, रडू नको, तुझी चूक नाही. चूक तिची नव्हतीच.

पुस्तक घेऊन मी कर्जतला गेलो. लेकीनं पान उघडलं, फोटो बघितला, पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी घातलं न्हाई."

"कुनाला सांगितलं?" ती म्हणाली. "पाडायच्या भिंतींना? आई सात म्हयनं मातीत हुती. ती हुती तवा तिच्यासमोर एक न्हाई का दोन न्हाई."

जावई म्हणाले, "जाऊ दे, म्हाताऱ्याला कशाला—" तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते बाहेर गोठ्याकडं गेले.

मग मी दवाखान्याचं सांगितलं. सगळं. ती ऐकत होती. पीठ मळता मळता ऐकत होती, मळायचं थांबली नाही. संपल्यावर म्हणाली, "मला वाटलंच हुतं." एवढंच. मला वाटलं होतं ती ओरडेल, घराबाहेर काढेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ताट वाढून दिलं. आमटी नव्हती, पिठलं होतं. मी येसूरबद्दल विचारलं, कशात कालवायचा, किती. ती म्हणाली, "ते आईनं तुमाला सांगितलं न्हाई. मीबी सांगनार न्हाई." म्हणून या लिखाणात कृती नाही.

चौथीपर्यंत शिकलो, त्यालाही साठ वर्षं झाली. शाळेच्या दोनशे पानी वहीत हे लिहायला मला उन्हाळा गेला. पुस्तकात नाही आलं तर निदान कुठंतरी असावं, म्हणून लिहिलं. लिहून झाल्यावर लेकीला वाचायला दिलं. तिनं ओसरीवर बसून सगळं वाचलं, मधे एकदाही वर बघितलं नाही. शेवटी एका पानावर बोट ठेवून वही माझ्यापुढं धरली.

मी तिथं लिहिलं होतं, 'ती मला स्वयंपाकात मदत करायची.'

"मदत कोन कुनाला करत हुतं, आबा?"

मी पेन घेतलं. ती ओळ खोडली. तिच्यावर लिहिलं, स्वयंपाक ती करायची. लेकीनं बघितलं, आणि वही परत दिली.